कुमार गंधर्व आणि देवास: ४४ वर्षांचा हिशेब

कुमार गंधर्वांबद्दल आपल्याकडे जी गोष्ट सांगतात ती साधारण अशी असते. मुंबईत गाजलेला एक तरुण गायक होता. त्याला क्षय झाला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, हवा बदलायला तो माळव्यात देवासला आला, काही वर्षं खाटेवर पडून राहिला. खिडकीतून पाखरं ऐकली, रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची गाणी ऐकली, आणि बरा होऊन उठला तो अगदी वेगळं गाणं घेऊनच. गोष्ट खोटी नाही. पण या गोष्टीत देवासला काम काय उरतं? एक खाट आणि एक खिडकी. शहर म्हणून देवास त्यात दिसतच नाही.

मी पेशाने विद्युत अभियंता. इतिहास कॉलेजात शिकलो नाही. नोकरीत असताना रात्री वाचत वाचत त्याचा नाद लागला. त्यामुळे माझी सवय आधी आकडे मांडायची. तर आकडे असे. कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. निधन १२ जानेवारी १९९२ ला, देवासला. म्हणजे आयुष्य पावणेअडुसष्ट वर्षांचं. देवासला ते आले १९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस, गांधीजींच्या हत्येने देश हादरला त्याच दिवसांत. म्हणजे देवासची वर्षं ४४, त्याआधीची जेमतेम २४. त्या चोवीसातली अर्धी बेळगावकडची आणि अर्धी मुंबईची. ज्या माणसाच्या आयुष्याचा दोनतृतीयांश भाग एका गावात गेला, त्याच्या चरित्रात ते गाव केवळ दवाखाना म्हणून यावं हे मला हिशेबात बसत नाही.

म्हणून या टिपणात दोन प्रश्न घेतो. कुमारजी आले तेव्हा देवास संगीताच्या दृष्टीने कसं होतं? आणि पुढच्या ४४ वर्षांत गावाने त्यांना आणि त्यांनी गावाला काय दिलं? शेवटी आपल्या भोपाळच्या मराठी घरांशी संबंधित एक कामाची गोष्ट सांगायची आहे.

दोन पात्यांचं गाव

देवास हे पवारांचं संस्थान. खरं तर दोन संस्थानं. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजांबरोबर तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू १७२८ च्या सुमारास माळव्यात आले, आणि पुढे एकाच गावात दोन गाद्या झाल्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन. दरबार दोन, कचेऱ्या दोन, हद्द गावातल्या रस्त्यावरून गेलेली. इंग्रजांना याचं फार नवल वाटे. कारभाराच्या दृष्टीने हा गोंधळच होता. पण कलावंताच्या बाजूने पाहिलं तर एका लहानशा गावात आश्रय मिळण्याची दोन दारं होती!

गावाच्या डोक्यावर माता टेकरी आहे. तिथे चामुंडा आणि तुळजाभवानी अशा दोन्ही देवींची ठाणी आहेत. माळवी बाई आणि मराठी बाई एकाच पायऱ्या चढून जातात. देवासचं सगळं स्वरूप या टेकरीवर कळतं.

थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली खासगी सचिव म्हणून एक इंग्रज गृहस्थ काही महिने राहिले. त्यांचं नाव ई. एम. फॉर्स्टर. पुढे १९५३ मध्ये त्यांनी देवासच्या दिवसांवर एक पुस्तक काढलं आणि त्याला नाव दिलं ते याच टेकरीवरून. त्यात दरबारच्या गोकुळाष्टमीचं तपशीलवार वर्णन आहे: दिवसरात्र चाललेली भजनं, टाळ, गुलाल, नाचणारे महाराज. त्या अनुभवाचा उपयोग त्यांनी १९२४ च्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीत केला. तिच्या शेवटच्या भागात गोडबोले नावाचे प्राध्यापक तुकारामाच्या नामघोषात रंगलेले दिसतात. जगभरच्या वाचकांपर्यंत तुकोबांचं नाव ज्या वाटांनी गेलं त्यातली एक वाट देवासच्या गोकुळाष्टमीवरून जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? कादंबरी निघाली ते साल कुमारजींच्या जन्माचं. हा नुसता योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण एवढं नक्की कळतं, की कुमारजी येण्याच्या पंचवीस वर्षं आधी देवासात मराठी भजन भर दरबारात गायलं जात होतं.

दुसरं नाव उस्ताद रजब अली खाँ. जन्म १८७४ चा, नरसिंहगडचा, म्हणजे आपल्या भोपाळच्या शेजारचा. बीन शिकले ती थोर बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडे. गाण्यात अवघड तानांसाठी प्रसिद्ध आणि स्वभावाने तितकेच कडक. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी देवासात काढला. १९५४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ८ जानेवारी १९५९ ला देवासातच त्यांचं निधन झालं. आता तारखा जुळवून पाहा. १९४८ ते १९५९, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं, रजब अली खाँ आणि कुमार गंधर्व हे एकाच लहान गावाचे रहिवासी होते. एक दरबारी जमान्याचा शेवटचा मोठा गवई, दुसरा दरबार संपल्यानंतरच्या जमान्याचा. ‘ओसाड गावात येऊन पडलेला कलावंत’ हे चित्र या एका गोष्टीने पुसलं जातं.

दरबार संपला, पाहुणा आला

कुमारजी आले ती वेळही ध्यानात घ्यावी. १९४७ मध्ये थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले, शहाजी महाराज या नावाने. १९४८ मध्ये माळव्यातली संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि दोन्ही पात्या इतिहासजमा झाल्या. म्हणजे कुमारजी देवासला आले ते नेमके राजाश्रय मावळण्याच्या वर्षी. ते कुणाचे दरबारी गवई म्हणून आले नाहीत. त्यांना बोलावलं, सांभाळलं ते मित्रांनी. इंदूरचे रसिक रामूभैया दाते आणि देवासचे कृष्णराव मुजुमदार ही त्यातली दोन ठळक नावं. मुजुमदार स्वतः रजब अली खाँसाहेबांच्या तालमीतले. देवास-इंदूर अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. त्या काळीही संध्याकाळी जाऊन रात्री परत येता येईल एवढंच. दरबाराची जागा घरच्या बैठकीने घेतली, आणि राजाची जागा नोकरदार, वकील, मास्तर अशा मध्यमवर्गीय मराठी-हिंदी रसिकांनी.

याच दाते घराण्यातले अरुण दाते. त्यांचे गाण्याचे पहिले धडे कुमारजींकडे झाले. पुढे ते टेक्स्टाइल इंजिनियर झाले आणि भावगीतांचे लाडके गायकही. अभियंत्याने गाण्याच्या वाटेला जाऊ नये असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

हवा आणि औषध

क्षयासाठी हवाबदल का, हे आज तरुणांना समजावून सांगावं लागतं. प्रतिजैविकं येण्यापूर्वी या रोगावर मोकळी कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच इलाज होता. मुंबईची हवा दमट. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडं वर, पावसाळा सोडला तर हवा कोरडी, रात्री थंड. ‘शब-ए-मालवा’ची ख्याती काही उगीच नाही.

पण एकट्या हवेने क्षय बरा होत नसे, हेही तितकंच खरं. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध अमेरिकेत १९४३ मध्ये लागला. आपल्याकडे पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला तो १९५४ मध्ये, आणि तोही आधी पेनिसिलिनसाठी. म्हणजे १९५० च्या आसपास ही इंजेक्शनं बाहेरून येत, महाग असत, आणि महिनोन्‌महिने घ्यावी लागत. देवासच्या हवेने कुमारजींना वेळ मिळवून दिला, औषधाने रोग हटवला, असं म्हटलं तर दोघांनाही न्याय मिळतो.

आणि तिसरा वाटा भानुमतीबाईंचा. त्या मूळच्या कराचीच्या कंस घराण्यातल्या, मुंबईला देवधर मास्तरांच्या संगीत विद्यालयात शिकत असताना कुमारजींची ओळख झाली, आणि १९४७ मध्ये लग्न. लग्नानंतर काही महिन्यांतच नवऱ्याचं आजारपण आलं. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, शुश्रूषा केली. ज्या वर्षांबद्दल आपण ‘कुमारजी पडून ऐकत होते’ असं म्हणतो, त्या वर्षांत त्या रोज शाळेत जाऊन शिकवत होत्या. गावाशी या घराचा पहिला रोजचा संबंध गाण्यातून जुळला नाही, तो शाळेतून जुळला. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या गेल्या. टेकरीच्या पायथ्याच्या घराचं नाव ‘भानुकुल’ आहे ते त्यांच्यावरूनच.

ऐकलं ते काय?

माळव्यातल्या बायका वर्षभर गातात. भाद्रपदातल्या पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याची ही सख्खी मावसबहीण म्हणा ना! लग्नाची गाणी वेगळी, सुगीची वेगळी, पावसाची वेगळी. या धुनांचा आवाका बघितला तर तीन-चार-पाच स्वरांचा. चाल छोटी, पुन्हा पुन्हा तीच येणारी.

शास्त्रीय गवई अशी धून ऐकतो तेव्हा तिला एखाद्या ठाऊक रागात बसवतो, ‘ही पिलूची छाया’ वगैरे म्हणतो आणि पुढे जातो. कुमारजींनी उलटा प्रश्न विचारला. राग आधी की धून आधी? त्यांचं उत्तर असं, की राग मुळात धुनेतूनच आलेत, आणि हे येणं अजून थांबलेलं नाही. धुनेतल्या चार-पाच स्वरांचं आपसातलं नातं नीट पाहिलं, तर राहिलेल्या स्वरांनी कुठे बसावं हे ते नातंच सुचवतं. अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटलं. मालवती, संजारी, लगनगंधार, मघवा, सहेली तोडी, अहिमोहिनी, बीहड भैरव, मधसुरजा ही त्यांच्या रागांतली काही नावं. नावांवरून नजर फिरवली तरी माळवा दिसतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीसाठी त्यांनी गांधी मल्हार बांधला. बंदिशींचं पुस्तक ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये मुंबईच्या मौजेने काढलं. गाणं देवासला जन्मलं आणि छापलं गेलं गिरगावात. माळव्यातल्या मराठी माणसाचं आयुष्य असंच दोन टोकांत विभागलेलं असतं.

इथे एक समज तपासायला हवा. कुमारजींच्या गाण्यातले छोटे तुकडे, मधल्या विश्रांती, एकदम उसळून आलेला स्वर, याचं कारण त्यांचं निकामी झालेलं फुप्फुस असं पुष्कळदा लिहिलं जातं. मी अभियंता असल्याने क्षमतेचा प्रश्न मला पटकन कळतो. हवा कमी असेल तर काटकसर करावीच लागणार. पण काटकसर करावी लागली एवढं सांगून त्या काटकसरीतून काय उभं राहिलं हे कळत नाही. एक फुप्फुस गेलेली हजारो माणसं त्या काळी देशात होती. विश्रांतीच्या त्या जागा कशाने भराव्या, कुठे मोकळ्या सोडाव्या, हे आजार शिकवत नाही. ते कान शिकवतो, आणि या कानाला सहा वर्षं माळवी लोकगीतांची शाळा मिळाली. तिथेही ओळ लहान असते, थांबा असतो, आणि पुन्हा तीच ओळ नव्या जोराने येते.

धुनीवरची भजनं

देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. शीलनाथ नाथपंथी सिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ते देवासात राहिले. पवार घराण्याची त्यांच्यावर श्रद्धा होती. धुनीवर नाथपंथी साधू येत-जात, गोरखनाथ-कबीर यांची निर्गुण पदं म्हणत. ही पदं ‘शीलनाथ शब्दामृत’ या नावाने पुस्तकात एकत्र केलेली होती. कुमारजींनी गायलेल्या निर्गुणी भजनांतली काही या संग्रहातून आली.

मला इतिहासाच्या दृष्टीने हा सगळ्यात भक्कम धागा वाटतो. ‘साधूचा आवाज रस्त्यावरून ऐकू आला आणि ते भारावले’ ही आठवण सुंदर आहे, पण तिच्यामागे एक संस्था आहे: धुनी, तिचा शिष्यवर्ग, आणि छापलेलं पुस्तक. गावाने पदं जपून ठेवली होती म्हणून ती सापडली. आज देशात कबीर म्हटलं की शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याच्या कानात जो गंभीर, मोकळा, थोडा एकटा स्वर उभा राहतो, तो देवासच्या या धुनीवरून आलेला आहे.

इतकं करून हे लोकसंगीत झालं का? नाही. खेड्यातला भजनी गातो तसं कुमारजींनी गायलं नाही. त्यांनी घेतला तो भाव आणि फेक, आणि मांडणी केली ती रागसंगीत मुरलेल्या माणसाची. खेड्यातली परंपरा तिच्या वाटेने चालूच राहिली. उज्जैनकडच्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया तंबुऱ्यावर माळवी कबीर गातात आणि गावोगाव हजारो लोक ऐकतात. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नव्वदीच्या दशकात देवासच्या एकलव्य संस्थेने कबीर भजनमंडळ्यांना एकत्र बसवून गाण्याबरोबर चर्चाही घडवली. एकाच मातीतल्या या दोन वाटा आहेत, एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

ब्रनोचा एक दाखला

मोठा कलावंत आणि लहान शहर ही जोडी जगात इतरत्रही आहे. चेक संगीतकार लेओश यानाचेक १८६५ मध्ये अकराव्या वर्षी ब्रनो शहरात शिकायला आला आणि १९२८ मध्ये मरेपर्यंत तिथलाच राहिला. राजधानी प्राग दूर. याने मोराव्हियातली खेड्यापाड्यांतली गाणी गोळा केली, बाजारात-रस्त्यावर माणसं बोलतात त्या बोलण्याचे चढउतार स्वरलिपीत टिपून ठेवले, आणि त्यातून स्वतःचं संगीत घडवलं. १८८१ मध्ये ब्रनोला ऑर्गन विद्यालय काढलं. त्याचा ‘येनुफा’ हा ऑपेरा ब्रनोत १९०४ मध्ये झाला. तोच प्रागच्या रंगमंचावर यायला १९१६ उजाडावं लागलं.

साम्य उघड आहे. कुमारजीही साधारण त्याच वयात शिकायला घर सोडून मुंबईला देवधर मास्तरांकडे गेले. दोघांनीही शेजारच्या खेड्यातल्या चालीला कच्चा माल न समजता गुरू समजलं. फरकही आहे. यानाचेकला ब्रनोने घडवलं आणि मग राजधानीने मान्य केलं. कुमारजी मुंबईत आधीच गाजले होते, १९३६ च्या जिन्ना हॉलमधल्या मैफलीपासून. त्यांनी मोठं शहर सोडलं आणि बरे झाल्यावरही परत गेले नाहीत. १९५३ च्या सुमारास जाहीर मैफली पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवणं सोयीचं होतं, कार्यक्रम तिकडेच जास्त. तरी पुढची ३८ वर्षं ते रेल्वेने जात, गात, आणि देवासला परत येत. आजारपण त्यांना देवासला घेऊन आलं हे खरं, पण तिथे राहणं ही त्यांची निवड होती. नेहमीच्या गोष्टीतून नेमका हाच मुद्दा निसटतो.

ब्रनोने पुढे काय केलं तेही पाहा. यानाचेकची हस्तलिखितं, टिपणवह्या, पत्रं तिथल्या मोराव्हियन संग्रहालयात एकत्र आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्या संग्रहाची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली.

देवासने मिळवलं काय? आणि भोपाळचा वाटा

घराण्यांना गावांची नावं असतात: ग्वाल्हेर, किराणा, आग्रा, जयपूर-अत्रौली, इंदूर. ‘देवास घराणं’ असं कुणी म्हणत नाही, आणि कुमारजींना ते आवडलंही नसतं. घराण्याची चौकट त्यांनी मानली नाही. पण शिकायला माणसं देवासला आली. सत्यशील देशपांडे आले, त्यांनी पुढे मुंबईत ‘संवाद फाउंडेशन’तर्फे अनेक गवयांचं गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं. १९६२ मध्ये वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारजींचा विवाह झाला. त्या जमशेदपूरला जन्मलेल्या, देवधरांकडे शिकलेल्या. कुमारजींच्या पश्चात तेवीस वर्षं, २०१५ मध्ये जाईपर्यंत, त्यांनी देवासातच गायन-अध्यापन चालवलं. त्यांची कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश यांचं गाणं आज आपण ऐकतोच. ‘गीतवर्षा’, ‘मालवा की लोकधुनें’, ‘त्रिवेणी’, ‘तुकाराम दर्शन’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे विषय घेऊन केलेले कार्यक्रम हे या घरात शिजलेलं काम. दोन पात्यांचं गाव सत्तरच्या दशकात नोटांच्या छापखान्याचं आणि कारखान्यांचं शहर झालं. तरी बाहेरच्या माणसाला देवास म्हटलं की टेकरी आणि कुमारजी हीच दोन नावं आधी आठवतात.

भोपाळचा वाटा वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झालं, आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर इथून नोकरदार मराठी कुटुंबं इथे आली. आपल्यापैकी बहुतेकांचं भोपाळ तिथूनच सुरू होतं. संस्थानांचा आश्रय संपल्यावर राज्य सरकारने तो वेगळ्या रूपाने उभा केला. उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत अकादमी इथे १९७९ ची. पाठोपाठ धृपद केंद्र आलं, जिथे झिया फरीदुद्दीन डागर शिकवत आणि उज्जैनच्या मराठी घरातले उदय भवाळकर शिकून मोठे झाले. १३ फेब्रुवारी १९८२ ला चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं भारत भवन उघडलं. तिथल्या संगीत विभागाचं नाव ‘अनहद’. निर्गुण परंपरेतला हा शब्द राजधानीतल्या सरकारी संस्थेला इतका सहज शोभला, त्यामागे देवासच्या त्या भजनांनी तयार केलेला कान आहे असं मला वाटतं. कुमारजींच्या नावाने राज्याचा राष्ट्रीय सन्मानही आहे, तरुण कलावंतांसाठी. थोडक्यात, भोपाळने मंच दिला, मान दिला. रोजचं जगणं मात्र देवासचं.

आता कामाची गोष्ट

कुमारजींची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली, कार्यक्रम झाले, भाषणं झाली. ते योग्यच. पण आपल्यासारख्या स्थानिक मंडळाने करण्याजोगं काम निराळं आहे, आणि ते थांबून राहणारं नाही.

साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत माळव्यात आणि भोपाळात घरगुती बैठकी झाल्या. ज्यांच्याकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता त्यांनी त्या टिपल्या. पुढे कॅसेटी आल्या. हे स्पूल आणि कॅसेटी आज माळ्यावर, दिवाणात, लोखंडी ट्रंकेत पडून आहेत. चुंबकीय फितीची रचना साधी आहे: प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहभस्माचा थर, आणि तो थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ. हा चिकट पदार्थ दमट हवेत पाणी शोषतो आणि सुटू लागतो. फीत चिकट होते, बुरशी धरते, आणि अशी फीत मशीनवर चढवली तर थरच खरवडून निघतो. एकदा निघाला की त्यावरचा आवाज जगातल्या कुठल्याही यंत्राने परत येत नाही. ज्या कोरड्या हवेसाठी कुमारजी माळव्यात आले, त्या हवेने या फितींना आजवर थोडंफार तारलं. पण वर्षाचे चार महिने आपल्याकडेही पावसाळा असतो.

म्हणून विनंती अशी. घरात असा स्पूल सापडला तर उत्सुकतेपोटी जुन्या मशीनवर लावून पाहू नका. उभा ठेवा, आडवा रचू नका. स्पीकर, मोटर, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब ठेवा. डब्यावर लिहिलेलं खोडू नका, तारीख, गाव, कुणाचं घर, तबल्यावर कोण, जे काही असेल ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भर घाला. आवाजाइतकीच ही माहिती मोलाची असते. संगणकावर उतरवून घ्यायचा तर जाणकाराकडून, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, मूळ आवाज ‘साफ’ न करता. साफसफाई नंतर कधीही करता येते.

आणि केवळ कुमारजींच्याच ध्वनिफिती शोधायच्या असं नाही. घरातल्या आजीने संजाची गाणी म्हटली असतील, काकांनी टेकरीच्या नवरात्रातलं भजन टिपलं असेल, शेजारच्या खेड्यातल्या मंडळीचा कबीर कुणी कॅसेटवर घेतला असेल, तेही तितकंच हवं. कुमारजींच्या रागांचं मूळ त्याच आवाजांत आहे. पुढे कुणी अभ्यासक ‘ही धून कुठली?’ असं विचारायला आला, तर त्याला नुसती पाखरांची आणि खिडकीची गोष्ट सांगून भागणार नाही. त्याच्या हातात ती धून देता आली पाहिजे. मंडळाच्या पुढच्या बैठकीला अशी एखादी जरी डबी कुणी घेऊन आलं, तरी कामाला सुरुवात करता येईल.